एकोणतीस क्लबांचा गोलकीपर

दोस्तांनो, पी.टी.च्या तासाला फुटबॉलचा डाव मांडताना एक प्रश्न हमखास येतो. "गोलमध्ये कोण?" लगेच सगळे इकडेतिकडे बघायला लागतात. कुणाच्या बुटाची नाडी सुटते, कुणाला अचानक तहान लागते. शेवटी ज्याला फारसं पळता येत नाही किंवा जो वर्गात नवा आहे, त्याला तिथं उभं केलं जातं. खरं की नाही?

आज ज्याची गोष्ट तुम्हांला सांगणार आहे, त्याला मात्र आयुष्यभर तिथंच उभं राहायचं होतं. दोन खांब आणि वरची आडवी दांडी, एवढ्याशा जागेसाठी तो सगळं इंग्लंड आणि स्कॉटलंड फिरला. एक नाही, दोन नाही, तब्बल 29 क्लबांकडून खेळला! त्याचं नाव जॉन बरिज. मैदानावर मात्र सगळे त्याला 'बडजी' म्हणत. बडजी म्हणजे पिंजऱ्यात पाळतात ना, तो चिमुकला रंगीत पोपट.

पेले, मॅराडोना, मेस्सी ही नावं तुम्हांला पाठ असतील. बरिजचं नाव बहुधा तुम्ही ऐकलेलं नसेल. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून तो एकदाही खेळला नाही. मग त्याची गोष्ट कशाला? कारण मेस्सी एखादाच असतो. दर शनिवारी गावोगावच्या मैदानांवर जो फुटबॉल चालतो, तो बरिजसारख्या शेकडो खेळाडूंच्या जिवावर.

रोजंदारीवरचा कारागीर

अशा खेळाडूला इंग्रजीत 'जर्नीमन' म्हणतात. 'जर्नी' म्हणजे प्रवास, म्हणून हा प्रवास करणारा खेळाडू असं तुम्हांला वाटेल. पण तसं नाही बरं का! हा शब्द आला आहे दिवस या अर्थाच्या एका जुन्या फ्रेंच शब्दावरून. पूर्वी सुतार, लोहार, गवंडी अशा धंद्यांत शिकाऊ मुलगा काम शिकून तयार झाला, तरी स्वतःचा कारखाना काढायला त्याच्याकडे पैसे नसत. मग तो दुसऱ्याच्या कारखान्यात दिवसाच्या मजुरीवर काम करी. हातात कला पक्की, पण दुकानावर पाटी दुसऱ्याची. असा कारागीर म्हणजे जर्नीमन.

फुटबॉलमधला जर्नीमनही तसाच. काम चोख, पण हक्काची जागा कुठंच नाही. एका क्लबाचं काम संपलं की बॅग उचलायची आणि दुसऱ्याच्या दारात जायचं.

बरिजचा जन्म 3 डिसेंबर 1951 चा. गाव वर्किंग्टन, इंग्लंडच्या वायव्य टोकाला, समुद्राकाठी. गाव तसं लहानच. कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने यांवर जगणारं. रेल्वेचे रूळ तयार करण्यासाठी हे गाव प्रसिद्ध होतं. बरिजचे वडील खाणकामगार. अशा घरातला मुलगा मोठा झाला की खाणीत नाहीतर कारखान्यात जायचा, हे ठरलेलंच. बरिजला मात्र दुसरी वाट सापडली. गावच्या वर्किंग्टन क्लबाकडून 1969 साली तो पहिल्यांदा लीगमध्ये खेळला. तेव्हा तो अवघा सतरा वर्षांचा होता.

चार इयत्तांची शाळा

आता पुढं जाण्याआधी ही लीग म्हणजे काय ते समजून घेऊ.

इंग्लंडमध्ये त्या वेळी लीगचे चार विभाग होते आणि त्यांत मिळून 92 क्लब. पहिला विभाग सगळ्यांत वरचा, चौथा सगळ्यांत खालचा. चार इयत्तांची शाळाच म्हणा ना! वर्षाच्या शेवटी प्रत्येक विभागातले पहिले काही क्लब वरच्या विभागात जात आणि तळाचे क्लब खाली घसरत. वर गेलं की प्रेक्षक वाढतात, पैसा वाढतो. खाली आलं की पैसा आटतो, आणि मग पहिली कुऱ्हाड कोसळते ती खेळाडूंवर.

चौथ्या विभागाच्या तळाशी राहिलेल्यांचं काय? 1987 पूर्वी तळाच्या चार क्लबांना दरवर्षी हात जोडून अर्ज करावा लागे, "आम्हांला पुन्हा लीगमध्ये घ्या हो!" मग बाकीचे क्लब मतदान करत. बरिजचा पहिला क्लब वर्किंग्टन याच चौथ्या विभागात होता. 1977 साली मतदानात तो हरला आणि लीगमधून बाहेर फेकला गेला. त्याच्या जागी विम्बल्डन नावाचा क्लब आला. वर्किंग्टन पुन्हा कधी लीगमध्ये परतू शकला नाही.

त्या वेळी बरिज तिथं नव्हता. 1971 मध्येच तो ब्लॅकपूल क्लबाकडे गेला होता. तिथं गेल्या गेल्या त्यानं एक मोठा सामना पाहिला, नव्हे, खेळला! इंग्लंड आणि इटलीच्या क्लबांमध्ये तेव्हा एक स्पर्धा होत असे. 1971 च्या जूनमध्ये तिची अंतिम लढत इटलीतल्या बोलोन्या शहरात झाली. ब्लॅकपूलनं बोलोन्या संघाला त्यांच्याच अंगणात 2-1 असं हरवलं. एकोणीस वर्षांचा बरिज गोलमध्ये होता. खाणकामगाराचा पोरगा थेट परदेशात जाऊन कप घेऊन आला!

बॅग कायम भरलेली

तुम्ही म्हणाल, एवढा चांगला गोलकीपर होता, तर त्याला सारखे क्लब का बदलावे लागले? हा प्रश्न अगदी योग्य आहे.

पहिलं कारण म्हणजे गोलकीपरची जागा एकच. आघाडीला दोन-तीन खेळाडू लागतात, मधल्या फळीत चार लागतात. एखादा डावीकडून उजवीकडे सरकवता येतो. गोलमध्ये मात्र एकच माणूस. दुसरा कितीही चांगला असला तरी त्यानं बाकावर बसायचं. बरिजला बाकावर बसणं मुळीच मान्य नव्हतं. खेळायला मिळत नसेल तर तो दुसरा क्लब शोधी, मग तो खालच्या विभागातला का असेना.

दुसरं कारण म्हणजे मॅनेजर. आपल्याकडे शाळेत नवे मुख्याध्यापक आले की त्यांच्या नव्या पद्धती येतात. तिकडे नवा मॅनेजर आला की आपल्या पसंतीचा गोलकीपर आणतो. जुन्यानं वाट धरायची.

तिसरं कारण उलटं आहे. एखाद्या क्लबाचा गोलकीपर जखमी झाला की दुसऱ्या दिवशी शोधाशोध सुरू होते. तयार, अनुभवी आणि लगेच येणारा माणूस हवा असतो. महिन्याभरासाठी, कधी उसना म्हणूनही. अशा वेळी बरिजचा फोन वाजायचा.

त्याच्या प्रवासावर नुसती नजर टाका. ब्लॅकपूलहून तो 1975 मध्ये अ‍ॅस्टन व्हिला या मोठ्या क्लबात गेला. 1977 मध्ये व्हिलानं लीग कप जिंकला. एव्हर्टनविरुद्धचा अंतिम सामना बरोबरीत सुटला, पुन्हा खेळवला तर पुन्हा बरोबरी! तिसऱ्या वेळी व्हिला 3-2 असा जिंकला. पण त्याच वर्षी क्लबात नवा गोलकीपर आला आणि बरिजची जागा गेली. कप जिंकल्यावर काही महिन्यांत! तिथून तो लंडनच्या क्रिस्टल पॅलेसकडे गेला. 1978-79 च्या मोसमात पॅलेसनं दुसरा विभाग जिंकला. त्या मोसमात लीगच्या 42 सामन्यांत पॅलेसवर फक्त 24 गोल झाले. सामन्यामागे एक गोलसुद्धा नाही! यात बरिजचा वाटा किती, हे वेगळं सांगायला नकोच.

पुढं क्वीन्स पार्क रेंजर्स. या क्लबानं 1981 मध्ये मैदानावर खऱ्या गवताऐवजी प्लॅस्टिकचं गवत अंथरलं होतं. त्यावर चेंडू रबरासारखा उसळे, आणि पडलं की कातडी सोलून निघे. गोलकीपरला तर दर दोन मिनिटांनी पडायचंच असतं! 1982 मध्ये हा क्लब एफ.ए. कपच्या अंतिम फेरीत पोचला. पण तेव्हा गोलमध्ये उभा होता पीटर हकर. बरिजची जागा पुन्हा गेली होती.

मग वुल्व्हज, शेफील्ड युनायटेड, साउदॅम्प्टन, न्यूकासल. कधी वरचा विभाग, कधी खालचा. 1991 मध्ये तो स्कॉटलंडच्या हिबर्निअनकडे गेला. हा क्लब आदल्या वर्षी बंदच पडायचा होता. त्याच शहरातल्या दुसऱ्या क्लबाच्या मालकाला तो विकत घ्यायचा होता, पण प्रेक्षकांनी रस्त्यावर उतरून तो वाचवला. आणि 1991 च्या ऑक्टोबरमध्ये याच हिबर्निअननं स्कॉटिश लीग कप जिंकला! डन्फर्मलिनवर 2-0. गोलकीपर बरिज. चाळिशी पूर्ण व्हायला त्याला दीड महिनाही उरला नव्हता.

झोपेतही हातमोजे!

इतकी वर्षं शरीर टिकवायचं म्हणजे काय खायचं काम आहे? बरिजची मेहनत इंग्लंडभर गाजलेली होती. सामना सुरू होण्याआधी बाकीचे खेळाडू जागच्या जागी उड्या मारत. हा पठ्ठ्या कोलांट्या मारी, हातांवर उभा राहून गोलसमोर चालत जाई! प्रेक्षक लवकर येऊन बसत ते त्याची ही कसरत बघायला.

घरी तर आणखी गंमत. नवे हातमोजे आणले की हाताला सवय व्हावी म्हणून तो ते घालूनच झोपायचा. एकदा टीव्हीवाल्यांनी त्याची मुलाखत घेतली, तीही त्याच्या बिछान्यात. हातांत मोजे आणि कुशीत चेंडू! टीव्ही बघत बसला की तो बायकोला सांगून ठेवी, "माझं लक्ष नसताना मला फळ फेकून मार." संत्रं असो की सफरचंद, अचानक आलेलं फळ त्याला हवेतच झेलायचं असे.

हसू आलं ना? पण यात शहाणपणही आहे. फुटबॉलचा गोल 24 फूट रुंद आणि 8 फूट उंच. पेनल्टी मारायची जागा त्याच्यापासून 12 यार्डांवर. तिथून सुटलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आसपास गोलपर्यंत पोचतो. विचार करायला वेळच नाही. डोळ्यांनी पाहिलं की हात आपोआप गेले पाहिजेत. अशी सवय मैदानावरच्या दोन तासांत लागत नाही, दिवसभर लावून घ्यावी लागते.

1992 मध्ये तर खेळाचा नियमच बदलला. त्यापूर्वी स्वतःच्या खेळाडूनं पायानं मागं दिलेला चेंडू गोलकीपर खुशाल हातांत घेई. नव्या नियमानं ते बंद झालं. गोलकीपरला आता पायांनीही खेळता यायला हवं! बरिज तेव्हा चाळिशीत होता. जी गोष्ट वीस वर्षांच्या पोरांना जड गेली, ती त्यानंही नव्यानं शिकून घेतली आणि पुढं पाच वर्षं तो खेळत राहिला.

स्वतःच्याच क्लबाविरुद्ध

1993 नंतर तर त्याची बॅग उघडायलाही वेळ नव्हता. स्कारबरो, लिंकन, अ‍ॅबरडीन, डम्बार्टन, फॉल्कर्क, डार्लिंग्टन, ग्रिम्सबी... भूगोलाच्या तासाला नकाशात शोधायला सांगितलं तर पाळी संपेल! कुठं दोन-चार सामने, कुठं एकच.

यातच 1995 च्या एप्रिलमध्ये एक मजा झाली. बरिज तेव्हा न्यूकासल क्लबात गोलकीपरांना शिकवायचं काम करत होता. त्याच वेळी मँचेस्टर सिटीला राखीव गोलकीपर हवा होता, म्हणून तो तिथंही जाऊन बसला. आणि सामना कुणाशी? न्यूकासलशीच! सिटीचा गोलकीपर जखमी झाला, बरिज मैदानात उतरला आणि ज्यांच्याकडे नोकरी करत होता त्यांनाच त्यानं एकही गोल करू दिला नाही. सामना 0-0!

14 मे 1995 रोजी तो सिटीकडून शेवटचा सामना खेळला, तो क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध, सिटीच्याच मैदानावर. सिटी 2-3 अशी हरली. पण त्या दिवशी बरिजचं वय होतं 43 वर्षं आणि 162 दिवस. प्रीमियर लीगमध्ये खेळलेला सर्वांत वयस्कर खेळाडू! पुढं तीस वर्षं हा विक्रम कुणाला मोडता आला नाही.

आणि मग शिट्टी वाजली

दोस्तांनो, इथपर्यंतची गोष्ट हसतखेळत झाली. आता थोडं गंभीर ऐका. आई-बाबांनाही हा भाग वाचायला द्या.

1997 च्या सुमारास बरिजचं खेळणं थांबलं. लीगचे साडेसातशेहून अधिक सामने झाले होते. सकाळ उजाडली, पण सरावाला जायचं नव्हतं. शनिवार आला, पण सामना नव्हता. फोन वाजेना. ज्या माणसानं झोपेतही हातमोजे काढले नव्हते, त्याच्याकडे हातमोज्यांशिवाय दुसरं काहीच उरलं नव्हतं.

तो मनानं पार कोसळला. आपल्या जगण्याला आता अर्थ नाही असं त्याला वाटू लागलं. घरच्या माणसांनी आणि मित्रांनी वेळीच ओळखलं, त्याला मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयात नेलं. तिथं तो काही महिने होता. हे सगळं त्यानं पुढं 2013 साली निघालेल्या आपल्या आत्मचरित्रात उघडपणे सांगितलं. लपवलं नाही. पाय मोडला तर आपण डॉक्टरकडे जातो, मग मन मोडलं तर का जाऊ नये?

बरिजची चूक काय झाली? खेळावर जीव टाकला ही चूक मुळीच नव्हे. पण जिवाला टेकायला त्यानं दुसरा खांबच उभारला नव्हता. गोलला दोन खांब असतात म्हणून तर वरची दांडी टिकते! वर्षानुवर्षं एका गोष्टीमागं धावणाऱ्या मुलाचं आपण कौतुक करतो, करायलाही हवं. पण त्याला मित्र हवेत, अभ्यास हवा, एखादा वेगळा छंदही हवा. खेळाडूचं आयुष्य चाळिशीला संपत नाही, फक्त खेळ संपतो.

विमानतळावरचा फायरमन

बरा झाल्यावर बरिजनं पुन्हा बॅग भरली. या वेळी तो गेला ओमानला, तिथल्या राष्ट्रीय संघाच्या गोलकीपरांना शिकवायला. तुमच्यापैकी कुणाचे काका किंवा मामा मस्कतला नोकरीला असतील, तोच हा देश.

तिथं त्याला एक उंच, काटक मुलगा दिसला. नाव अली अल हब्सी. ओमानच्या खालच्या विभागातल्या एका लहान क्लबाचा गोलकीपर. पोटासाठी तो मस्कतच्या सीब विमानतळावर अग्निशामक दलात काम करायचा. बरिजनं त्याला पाहिलं आणि ओळखलं, या पोराचे हात सोन्याचे आहेत! त्यानं अलीला जवळ घेऊन शिकवलं आणि युरोपातल्या क्लबांपुढं त्याच्यासाठी शब्द टाकला.

इंग्लंडमध्ये खेळायचा परवाना मिळणं सोपं नव्हतं. म्हणून अली 2003 मध्ये आधी नॉर्वेत गेला. पुढच्याच वर्षी तिथला सर्वोत्तम गोलकीपर ठरला. 2006 मध्ये बोल्टन क्लबानं त्याला इंग्लंडला आणलं. प्रीमियर लीगमध्ये खेळणारा तो पहिला ओमानी! आणि 2009 च्या जानेवारीत मस्कतच्या मैदानावर ओमाननं आखाती देशांचा कप पहिल्यांदा जिंकला. सौदी अरेबियाशी अंतिम सामना पेनल्टींवर सुटला. गोलमध्ये कोण होता, हे तुम्ही ओळखलंच असेल.

29 क्लबांनी बरिजला घेतलं आणि सोडलं. कुणी महिन्याभरात सोडलं, कुणी कप हातात असताना. पण त्या सगळ्या मैदानांवर जे शिकला, ते त्याच्याबरोबरच राहिलं. म्हणून तर विमानतळावरच्या एका फायरमनला ते देता आलं. राष्ट्रीय संघाची टोपी त्याला मिळाली नाही. त्याच्या शिष्याला मात्र आपल्या देशाचा कर्णधार होता आलं.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी पी.टी.च्या तासाला "गोलमध्ये कोण?" असं सरांनी विचारलं, तर बुटाची नाडी बांधत बसू नका. एकदा हात वर करून बघा. आणि हो, घरी सराव करायचा असेल तर धाकट्या भावंडाला सांगून ठेवा, "माझं लक्ष नसताना काहीतरी फेक." फक्त संत्री-मोसंबी नकोत, आईचा ओरडा बसेल. जुन्या मोज्यांचा गोळा करून दिलात, तरी काम भागेल!